ओल्या गिलाव्याची साक्ष

भिंतींना कान असतात, ही म्हण कोल्हापुरात आता कुणी म्हण म्हणून वापरत नसे. रोज सकाळी साडेसातला भवानी मंडपापाशी पंधरा-वीस माणसं जमत, प्रत्येकाच्या कानामागे एक पातळ पट्टी चिकटवली जाई, आणि वैजयंता मगदूम हातातली छत्री उंच धरून म्हणे, “चला मंडळी, भिंती खोळंबल्यात.”

त्या दिवशीच्या मंडळींत नागपूरचे एक निवृत्त मास्तर होते, हरदास सर. त्यांची हयात व्याकरण शिकवण्यात गेलेली. वैजयंता “मी पुढं चालतो, तुम्ही मागनं या” म्हणाली मात्र, त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“बाई, चालतो की चालते?”

“सर, कोल्हापूर हाय हे,” वैजयंता म्हणाली. “इथं बायकाबी येतो-जातोच म्हणतात. माझी आई म्हणायची, आज्जी म्हणायची. ते नाजूक बोलणं आमच्या जिभेला बसतच न्हाई.”

सगळे हसले. वैजयंताही हसली, पण वरवर. गेले तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. आजची फेरी नेहमीच्या सहा थांब्यांवर संपणार नव्हती. सातवा थांबा होता दोरकमान, आणि तिथली भिंत आज पहिल्यांदा वाचली जाणार होती.

भिंत वाचणं म्हणजे काय, हे वैजयंता रोज पहिल्या थांब्यावर समजावून सांगत असे. चुन्याचा गिलावा भिंतीवर थापला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. तसं होताना त्यात बारीक स्फटिक धरतात. पहिले काही तास हे स्फटिक फार हळवे असतात. जवळ कुणी बोललं, तर त्या थरथरीनं त्यांची रांग केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी सरकते आणि तशीच गोठते. गिलावा एकदा आवळला, की मग समोर तोफ उडाली तरी भिंतीला पत्ता लागत नाही. थोडक्यात, प्रत्येक भिंत आयुष्यात एकदाच ऐकते, ओली असताना. या ओलेपणी ऐकलेल्या बोलण्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलं होतं ओलश्रुती. डॉ. अनघा परचुरे या पुण्याच्या बाईंनी क्ष-किरणांनी ती रांग मोजायची आणि तिचे पुन्हा शब्द करायचे, असं यंत्र बनवलं. ते यंत्र एका काळ्या पेटीत मावत असे.

इतिहास ऐकायला आलेल्या लोकांना वाटे, आता राजेरजवाडे बोलणार. पण गिलावा ओला असताना भिंतीपाशी राजा कशाला येईल? तिथं असतात गवंडी. त्यामुळे पहिल्या थांब्यावर, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका ओवरीच्या भिंतीतून, पट्टीत आवाज येई : “काल आमटीत मीठ नव्हतं. आजबी नसंल तर मी थापी खाली ठेवतो.” लोक आधी हसत, मग का कोण जाणे, बऱ्याच जणांचे डोळे भरून येत. दोनशे वर्षं त्या माणसाची तक्रार कुणी ऐकूनच घेतली नव्हती.

फेरी गुजरीतून पुढे सरकली. सोन्याची दुकानं नुकती उघडत होती, पायऱ्या धुतल्या जात होत्या. इथं डॉ. परचुरे येऊन मिळाल्या. हसतमुख, चाळिशीच्या, खांद्याला ती पेटी. त्या आल्याबरोबर वैजयंता घोळक्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

कारण सांगायचं तर सव्वीस वर्षं मागं जावं लागेल. पापाच्या तिकटीच्या पलीकडे दोरकमान नावाची जुनी दगडी कमान होती आणि तिच्या पोटात सहा दुकानं. दावी, कासरे, चऱ्हाटं, बैलांच्या रंगीत मोरक्या, सगळा दोरांचा बाजार. एक दुकान वैजयंताच्या वडिलांचं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. नायलॉनचा दोर कापला की टोक उसवतं. म्हणून ते विजेच्या तापलेल्या शेगडीवर टेकवून वितळवतात. बैलांचा सण बेंदूर तोंडावर आलेला, मोरक्यांची एक ऑर्डर राहिलेली. बाजाराचा रखवालदार आण्णाप्पा सासने रोज आठला साऱ्या दुकानांचा मिळून असलेला मेन स्विच पाडायचा, म्हणजे सगळी वीज बंद करायचा, आणि कमानीला कुलूप घालायचा. त्या संध्याकाळीही त्यानं ते केलं. साडेआठला वैजयंता मागच्या दाराची किल्ली घेऊन एकटीच आली, स्विच वर केला, शेगडी लावली, टोकं वितळवली. काम संपलं तशी घाईनं घरी गेली, कारण दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे यायचे होते. शेगडी तशीच, स्विच तसाच. रात्री दोरकमान पेटली. माळ्यावर झोपलेला शेजारच्या दुकानातला महादेव, ज्याला सगळे म्हादबा म्हणत, तो आत राहिला.

पंचनाम्यात एकच गोष्ट पक्की निघाली : मेन स्विच वर होता. स्विच पाडायचं काम कुणाचं? आण्णाप्पाचं. पुराव्याअभावी तो चार महिन्यांनी सुटला, पण नोकरी गेली ती गेलीच. आणि कोल्हापूरनं त्याला नाव ठेवलं ‘बटण-आण्णा’. कुठल्याही घरातून उठला की मागून कुणीतरी म्हणणार, “आण्णा, बटण बंद केलंस न्हवं?” सव्वीस वर्षं तो एकच वाक्य सांगत आला होता, “मी स्विच पाडला होता.” वैजयंता गप्प राहिली. आधी लग्न मोडेल म्हणून, मग वडिलांचं नाव जाईल म्हणून, मग नुसतीच सवय म्हणून.

फक्त एकदा ती बोलली होती. आगीनंतर कमान दुरुस्त होत होती. भर दुपारी गवंडी भाकरी खायला गेले होते आणि ती जळक्या सामानातून वडिलांचा वजनकाटा शोधायला आली होती. म्हादबाच्या माळ्याखाली, ताज्या पांढऱ्या भिंतीला कपाळ टेकवून, ती तीन-चार वाक्यं बोलली होती. भिंत ओली होती. घरी जाऊन तिनं कपाळावरचा चुना धुतला होता.

आणि आता दोरकमानीची भिंत वाचा, असा अर्ज खुद्द आण्णाप्पानं केला होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चार ठिकाणी स्वतः खेटे घालून. त्याचं म्हणणं साधं होतं. दुरुस्ती चालू असताना सगळा बाजार तिथंच बोलत उभा होता. खरं काय झालं ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघालंच असंल.

कपिलतीर्थ मंडईच्या थांब्यावर लोक भाज्या बघण्यात रमले, तेव्हा वैजयंतानं डॉक्टरीणबाईंना गाठलं.

“बाई, एक इचारतो. अगदी हळू बोललेलंबी भिंतीत ऱ्हातं?”

“भिंतीला हळू नि मोठ्यानं कळत नाही हो. जवळ आणि लांब कळतं,” परचुरे म्हणाल्या. “वीतभर अंतरावर कुजबुजलात तरी ते रस्त्यातल्या आरड्याओरड्यापेक्षा स्पष्ट उमटतं.”

“आणि आवाज? माणूस वळखू येतो?”

“नाही, तेवढं मात्र हातातून निसटतं. शब्द राहतात, पण आवाजाची जात राहत नाही. उंच-खोल, तरुण-म्हातारा, सगळं स्फटिक धरताना पुसलं जातं. आपण पट्टीत ऐकतो तो आवाज यंत्राचा. पुरुषासाठी एक, बाईसाठी एक.”

त्या दोन आवाजांना वैजयंतानंच आबा आणि माई अशी नावं ठेवली होती. ती म्हणाली, “मग आबा बोलणार का माई, ते कसं ठरतं?”

“व्याकरणावरून! सोपं आहे. ‘आलो’ असेल तर पुरुष, ‘आले’ असेल तर स्त्री.” मग बाईंनी उत्साहानं पुढं सांगितलं, “तुम्हाला गंमत सांगू? कोल्हापूरच्या भिंतींत बायकांचे आवाज जवळपास सापडतच नाहीत. पुण्यात शंभरात तीस, इथं शंभरात चार. चुना कालवायला बायका तर असायच्याच. मी त्यावर निबंध लिहिलाय, इथल्या कष्टकरी स्त्रियांच्या मौनाबद्दल.”

एरवी वैजयंता पोट धरून हसली असती. कोल्हापूरची बाई आणि मौन! परचुरेबाईंनी तिचं ‘इचारतो’ आत्ता ऐकलं होतं, आधीही पन्नासदा ऐकलं होतं, पण त्याचा आपल्या यंत्राशी काही संबंध असेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. शिकलेल्या माणसांचं असं होतं कधीकधी.

वैजयंताच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. आपण त्या भिंतीला काय म्हणालो होतो, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं. आणि ते आबांच्या आवाजात बाहेर येणार होतं. आपल्याला कुणी ओळखणार नाही, हे कळून तिला एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी, मग लोक ओळखणार कुणाला, हेही तिला कळलं.

“बाई, दोरकमान आज नको,” ती म्हणाली. “पुन्हा कधीतरी करू की.”

“अहो, आजोबा सकाळपासून येऊन बसलेत तिथं.”

आण्णाप्पा खरंच बसला होता. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला नवी टोपी. आजूबाजूला निम्मी पेठ गोळा झालेली. समोरच्या दोरांच्या दुकानात म्हादबाची बायको सुगंधाबाई होती, नेहमीसारखी आण्णाप्पाकडे पाठ करून. सव्वीस वर्षांत तिनं त्याच्याकडे तोंड केलं नव्हतं. वैजयंताला बघून आण्णाप्पा हसला. “आलीस का वैजा? बघ आता. आज एकदाचा सोक्षमोक्ष लागतोय.”

तिनं तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात परचुरेबाईंनी पेटी भिंतीला टेकवली, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून कर्णा जोडला होता, आणि पेटीनं मोजायला सुरुवात केली. पाच-सात मिनिटं नुसती गुणगुण झाली. मग गवंड्यांची बोलणी आली, तंबाखू मागणं आलं, एका म्हशीची चौकशी आली. लोक कंटाळून चुळबुळ करू लागले. आणि मग अगदी जवळून, स्वच्छ, आबांच्या धीरगंभीर आवाजात :

“म्हादबा, मला माफ कर. मेन स्विच पाडायला मी विसरलो. कुलूप लावून घरला गेलो. कुणाला सांगायचं धाडस न्हाई माझ्यात.”

हरदास सर कुणाला तरी हळूच विचारत होते, हा कोण बोलला म्हणून. सगळ्यांच्या माना आण्णाप्पाकडे वळल्या होत्या.

आण्णाप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “पुन्यांदा लावा,” तो म्हणाला. पुन्हा लावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला, ओठ हलवत, पाठ करायचं असल्यासारखा. सुगंधाबाई दुकानातून वळली होती आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होती.

“भिंत कशाला खोटं बोलंल?” आण्णाप्पा शेवटी म्हणाला. “मीच असणार.”

“आण्णा, तसं न्हाई,” वैजयंता म्हणाली. पण लोक त्याला सावरायला पुढं झाले त्या गर्दीत ती मागं ढकलली गेली. तिनं स्वतःला ढकलू दिलं.

चार दिवस तिनं फेरी घेतली नाही. पाचव्या दिवशी ती परचुरेबाईंच्या मुक्कामाच्या खोलीवर गेली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, तो आबा न्हवं. ते मी बोललो होतो.”

बाईंना आधी कळेचना. मग ‘बोललो’ हा शब्द त्यांनी स्वतःशी पुटपुटला, दोनदा, तीनदा, आणि मटकन खुर्चीत बसल्या. बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी निबंधाचं नावही काढलं नाही. तासाभरात त्यांनी यंत्राचा नियम बदलला. आता ज्या बोलण्यात कोण बोलतंय हे नक्की ठरत नाही, तिथं यंत्र तसं स्पष्ट सांगणार होतं. मग पेटी उचलून त्या म्हणाल्या, “चला. आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जाऊ.”

उत्तरेश्वर पेठेतल्या दोन खोल्यांत आण्णाप्पा राहत असे. वैजयंताला वाटलं होतं, तो अंथरुणाला खिळला असेल. तो दाढी करून, सदरा घालून, बाजेवर चहा पीत बसला होता. चेहरा कित्येक वर्षांत नव्हता इतका मोकळा.

“सुगंधाकडं जाऊन आलो,” त्यानं आपणहून सांगितलं. “पाय धरलो तिचं. तीबी रडली, मीबी रडलो. चहा दिला तिनं. सव्वीस वर्सांनी त्या घरात च्या प्यालो बघ.”

वैजयंतानं त्याच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. मागचं दार, किल्ली, शेगडी, मोरक्या, पाहुणे. एकही गोष्ट ठेवली नाही. परचुरेबाईंनी यंत्राची चूक उलगडून सांगितली, तेच बोलणं माईच्या आवाजात लावून दाखवलं. आण्णाप्पा शांतपणे ऐकत होता, मधून मधून मान हलवत होता, लहान पोराची बढाई ऐकावी तसा.

“झालं?” तो म्हणाला. “पोरी, तुझा जीव मोठा हाय. पण म्हाताऱ्याला वाचवायला असलं पाप अंगावर घेऊ नको. आणि बाई, तुमच्या पेटीला काय, तुम्ही म्हणाल त्या आवाजात बोलंल ती.”

“आण्णा, शपथ घेतो! मी विसरलो. तुम्ही स्विच पाडला होता. तुम्हीच तर सांगत होतासा इतकी वर्सं!”

“ते म्हणायला म्हणत होतो गं. आठवत कुठं होतं? भिंत बोलली आणि मग दुसऱ्या दिवशी सगळं आठवाय लागलं.” त्यानं कप खाली ठेवला आणि उजवा हात वर नेला, हवेतल्या स्विचपर्यंत. “हे बघ, हात असा वर गेला होता. खटका बोटाला लागला होता. तेवढ्यात मागनं हाक आली, ‘आण्णा’ म्हणून. मी वळलो. बोलत बोलत भाईर गेलो, कुलूप घातलं, आणि खटका ऱ्हायला तो ऱ्हायलाच.”

“कुणी मारली हाक?” परचुरेबाईंनी विचारलं.

आण्णाप्पानं वैजयंताकडे फार मायेनं बघितलं. “हिनंच. तिला ते ठावं हाय. म्हणून तर जळतीया आतल्या आत. पण हाक मारली म्हणून काय गुन्हा झाला का? तुझा काय बी दोष न्हाई, वैजा. मी तुला कवाच माफ केलंय.”

ती ओरडली, त्याचे हात धरून गदागदा हलवले, रडली. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. बाहेरच्या खोलीत शेजारीण डोकावून गेली आणि दुसरीला म्हणाली, मगदुमाची लेक म्हाताऱ्यासाठी किती करते बघ.

बोळात आल्यावर परचुरेबाईंनी पेटी एका कट्ट्यावर टेकवली. मग त्या म्हणाल्या, “मला हे आधीच ध्यानात यायला हवं होतं. माणसाची आठवण पण गिलाव्यासारखीच असते, फक्त ती एकदाच ओली होत नाही. दर वेळी बाहेर काढली की पुन्हा ओली होते, आणि त्या वेळी जवळ जे बोललं जाईल ते तिच्यात बसून घट्ट होतं. त्यांची आठवण त्या दिवशी कमानीखाली ओली होती, आणि माझी पेटी त्यांच्या कानाशी बोलत होती.”

“मग आता वाळलेलं पुन्हा मोडता येत न्हाई?”

“ते स्वतः मोडू म्हणाले तर. पण ते कशाला म्हणतील?” बाईंनी तिचा दंड धरला. “वैजयंताबाई, आता खरं काय ते तुमच्या एकटीकडे आहे. घरी जा आणि आजच्या आज लिहून काढा. पुन्हा आठवत बसू नका, कुणाशी बोलू नका, सरळ लिहा.”

वैजयंता घरी गेली. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. तिनं वही घेतली आणि ती संध्याकाळ पहिल्यापासून लिहायला बसली. सव्वीस वर्षं ती संध्याकाळ तिच्यापाशी जशीच्या तशी होती; तिचा त्रास होता, पण तिच्याबद्दल शंका कधी नव्हती. पहिली ओळ सहज उतरली. मी साडेआठला मागच्या दारानं आत गेलो. दुसरी ओळ होती, कमानीत कुणी नव्हतं.

ती लिहायला तिनं पेन टेकवलं आणि हात थांबला. तिनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग ती मोठ्यानं म्हणाली, “न्हाई, न्हाई.” तिला खूप बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटत होती. कारण कमानीत आण्णाप्पा उभा होता, हात खटक्यापर्यंत नेलेला, आणि तिच्या तोंडात हाक तयार होती.